कोणत्या चाकातून

वीज गेलेली. रात्रीचे तीन.
गोंदरात तास मोजतात दिवस मावळल्यापासून.
अंगणात आमची निळी बजाज
एका कुशीवर कललेली;
जॅक नाही, म्हणून दोन दगड
आणि शेजारच्या तफेरेचा खांदा.

"बॅटरी नीट धर."
मी नीटच धरलेली असते.
पण अबायेंचा हात जिथं जाणार
तिथं उजेड आधीच पोचलेला हवा,
हे मला कुणी सांगितलेलं नाही.

दोन आठवडे झाले,
पियासाच्या उतारावर ब्रेक किंचाळतो.
कापायला धरलेली कोंबडी, म्हणते इतेते यशिमबेत.
ती वळणावर कॉफी विकते,
आणि उपासाच्या दिवसांत तिला सगळीकडं कोंबडीच दिसते.
गिऱ्हाइकं उतरताना कानात बोट घालून दाखवतात.
एका मास्तरांनी तर निम्मंच भाडं दिलं,
उरलेलं माझ्या कानांच्या औषधाला, म्हणाले.
अबाये हसले.
मला वाटलं, विनोदाला हसले.

चाक निघतं. कॉटर पिन दातांत धरून
ते मधला नट सोडवतात,
मग लाकडी ठोकळ्यानं ड्रमला चहूबाजूंनी टकटक,
उधारी मागायला गेलेला माणूस दार वाजवतो तशी.
ड्रम सुटतो. आत काळी भुकटी.
मी फुंकणार, तोच हात आडवा:
"फुंकायचं नाही पोरी, छातीत जाऊन बसते ती."
ओलं फडकं.

दोन ब्रेकशू, समोरासमोर,
घासून घासून काचेसारखे झालेले.
"चकाकतंय ना, तोच रोग.
ज्यानं धरून ठेवायचं, त्यानं खरखरीत असावं."
पॉलिश पेपर. खर्र. खर्र.
कडा जराशा तिरप्या मारायच्या.
ग्रीस फक्त खिळीला,
तेही डोळ्यात काजळ घालावं एवढंच;
लायनिंगला लागलं, तर उतार थेट देवाघरी.
मग स्प्रिंग. ती दर वेळी उडते
आणि दर वेळी माझ्याच पायाशी सापडते.

चाक बसलं. गल्लीतून एक फेरी,
उताराच्या तोंडापर्यंत, ब्रेक, परत.
अबाये उतरले, हात पुसत.
"काय? गेला?"

मी म्हणणार होते, तुम्हीच तर चालवत होता.

मग आठवलं.
पहिल्या दिवशीही त्यांनी विचारलं होतं,
कोणत्या चाकातून येतो, सांग बरं.
मला वाटलं, परीक्षा घेतायत.
डोळे मिटून, कान देऊन
मागचं डावं, म्हणाले होते मी,
आणि पास झाल्यासारखी आठवडाभर मिरवले होते.

मेतेमाच्या रस्त्यावर वीस वर्षं ट्रक,
इंजिन मांडीला मांडी लावून बसलेलं.
सगळं नाही गेलेलं. भांडणं ऐकू येतात,
ढग गडगडलेले येतात,
माझी हाक येते, मी जवळ असले तर.
बारीक तेवढे गेले, वरच्या पट्टीतले:
डास, चिमण्या, तफेरेच्या मोबाइलची रिंग,
आणि हा.

"झकास!" तफेरे म्हणाला.
तो एव्हाना निम्मा झोपलेला होता.

मलाही म्हणता आलं असतं.
एका शब्दात तिघं अंथरुणात गेलो असतो.
"डावा गेला," मी म्हणाले.
"उजव्यातून येतोय आता. थोडा."

ते क्षणभर उभे राहिले.
केवढा, कसा, काहीच विचारलं नाही.
एकेक दगड उचलून
गाडीच्या पलीकडं नेला, टेकवला,
पाना शोधला, गुडघ्यावर बसले.
माझ्या हातातल्या उजेडाला काय झालं कोण जाणे.

"बॅटरी चाकावर धर," ते म्हणाले,
"माझ्यावर काय धरतेस."