दोन कुलपं

सेलूत जिंतूर रोडला, खताच्या दुकानावर
पक्षाचं तालुका कार्यालय.
एकोणतीस वर्षं त्याची चावी माझ्या करदोट्याला.
आंघोळीलाही सोडली नाही.

मार्चातल्या एका सकाळी झाडू घेऊन वर गेलो
तर कडीला दुसरं कुलूप.
नवं, पितळी, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.
भास्कर रोडगेच्या पोरांनी रात्रीतून लावलेलं.
जुनं त्यांनी तोडलं नव्हतं.
तोडलं असतं तर भांडण सोपं झालं असतं.

दुपारी दाजीसाहेबांनी माझी चावी मागून घेतली.
‘मुंजाजी, तुझ्यावर विश्वास हाय रे, पण...’
पणच्या पुढं ते काहीच बोलले नाहीत.
करदोटा हलका झाला, सारखा वर सरकायचा.

मग रोज सकाळी दोन घरं.
एक चावी दाजीसाहेबांच्या देवघराच्या कोनाड्यातून,
दुसरी रोडगेच्या टायरच्या दुकानातून, पंक्चरच्या डब्यातून.
दोघं एकच विचारायचे :
काल तिकडं कोण कोण बसलं होतं?
दोघांना मी एकच सांगायचो :
चपला होत्या. माणसं बघितली नाहीत.

खोटं कशाला बोलू,
इतका जागा पक्ष मी कधी बघितला नव्हता.
कलेक्टर आला तरी ज्या खुर्चीतून दाजीसाहेब उठले नाहीत
तिच्यातून उठून त्यांनी केरबा गुराख्याला
स्वतःच्या हातानं पाणी दिलं.
केरबा ग्लास धरून उभाच.
प्यावं का खाली ठेवावं, त्याला कळेना.

सभासदांची वही निघाली. एक हजार आठशे चाळीस.
रोडगे म्हणाला, ह्यातले निम्मे गोदाकाठी गेलेत.
मग दाजीसाहेबच लाल पेन घेऊन बसले, तीन रात्री.
चारशे बाराव्या नंबरला माझा बाप,
क्रियाशील सदस्य, जाऊन चौदा वर्षं झालेली.
‘पट्टी धर, रेघ वाकडी येतीय,’ दाजीसाहेब म्हणाले.
मी पट्टी धरली.

रोडगेनं पत्रक काढलं : दुधनेचं पाणी शेवटच्या चारीपर्यंत.
आठ दिवसांनी आमचं निघालं. तेच वाक्य,
‘चारी’चा तोच चुकीचा ऱ्हस्व.
छापखाना एकच, रज्जाकभाईचा.
खिळे सुद्धा मोडले नव्हते, म्हणाला, वरचं नाव तेवढं बदललं.

आणि रोडगे?
भाषणाआधी दोनदा खाकरायला लागला,
उपरणं डाव्या खांद्यावरून उजव्यावर घ्यायला लागला,
अगदी तसंच.
त्याच्या दुकानात पोरं उभी राहायची आता,
आधी टायरवर बसायची.
एका संध्याकाळी एक पोरगं माझ्या कानाला लागलं :
काका, आमच्यातही एक बैठक हाय, वेगळी.
भाऊला सांगू नका.

बाजार समिती गेली. अकरा मतांनी.
तिसरंच पॅनल गुलालात न्हालं,
आणि ह्या दोघांनी एकमेकांना अकरा-अकरा नावं सांगितली.
सगळी जिवंत, सगळी वहीतली.

शेवटी वरून फोन आला.
रोडगे कार्याध्यक्ष. पेढे. गळाभेट.
फोटोवाला म्हणाला, आणखी जवळ, आणखी जवळ.
दाजीसाहेबांचे डोळे मिटलेले आलेत त्यात.
दोन्ही कुलपं निघाली,
दोन्ही चाव्या माझ्या हातात ठेवल्या
दोघांनी आपापली नक्कल करून घेऊन.

आता कार्यालय उघडं असतं दिवसभर.
दोन कुलपांच्या ओढीनं कडी वाकलीय,
दार मिटलं तरी चार बोटं फट राहते.
रात्री मी आत खुर्ची लावून, फटीतून हात घालून
ती दाराला ओढून घेतो. वाऱ्यानं ती सरकते,
सकाळी वही टेबलाखाली सापडते.

सुतार म्हणतो, दीड तासाचं काम हाय, साडेचारशे होतील.
व्हाऊचर लिहून ठेवलंय मी.
सही कुणाची घ्यावी, तेवढं सुचंना.