एकच तळहात

सूत धुवायच्या हौदातून काढली
तेव्हा लावण्याचे ओठ निळे होते.
हौदात तर आज लाल सूत होतं.

उलटी धर, गरगर फिरव, अंबादास ओरडला.
मी नाही.
एकशेआठला लाव, म्हटलं.

फरशीवर उताणी. हनुवटी जराशी वर.
आधी माझे श्वास, मग एकच तळहात
छातीच्या मधोमध. पोर सहा वर्षांची.
सिस्टर बाहुलीवर शिकवत होत्या तेव्हा
आम्ही हसलो होतो.
दाब. पुरतं सोड. छाती वर येऊ दे.

टॉवेलचा माग कुणी बंदच केला नव्हता.
त्याच्या खटक्यावर मोजत गेलो,
विसाशी मराठी संपली,
इरवै ओकटी, इरवै रेंडू...
तीस. दोन श्वास. परत.

कितव्या खेपेला कोण जाणे,
खोकली.

अशोक चौकाकडून भोंगा आला.
मग कुणीतरी माग थांबवला,
माझा हात
थांबेना.