दोन रकाने

प्रणोतीनं तक्ता पाठवला आहे.
डावीकडे टेक्सास, उजवीकडे मिनेसोटा,
मध्ये सतरा ओळी: घरभाडं, आयकर, शाळा,
पाळणाघर, गाडीचा विमा, वादळं,
दवाखान्यात किती दिवसांनी नंबर लागतो.
प्रत्येक ओळीला दहापैकी गुण.
"आई, तू ऑडिटमधली. बेरीज तपास."

तपासली.
एकशे एकोणीस आणि एकशे एकोणीस.
सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात एकतीस वर्षं
दोन बाजू जुळत नाहीत म्हणून मी शेरे मारले.
इथे जुळल्या, तर पंचाईत.

मे महिना, त्रिमूर्तीनगर, पारा सेहेचाळीसला.
हे कुलरच्या टाकीत पाइप सोडून उभे,
लुंगी गुडघ्यावर,
"टेक्सासात कुलर चालते का वं?"
दमट हवा असेल तर नाही चालत, मी सांगते.
लगेच त्यांचं मत मिनेसोटाला.
तिथे उणे तीस होतं
हे मी बोलत नाही. टाकी भरू दे आधी.

माझ्या बाबांचाही असा एक तक्ता होता.
छप्पन साली सचिवालयात कागद फिरला:
राज्य मोडतं आहे, कुठे जाणार लिहून द्या.
त्यांनी पाठकोऱ्या कागदावर उभी रेघ मारली.
भोपाळ: तळं आहे. क्वार्टर मिळेल. पोरांना हिंदी येतेच.
मुंबई: मराठी. खोली कोण देईल?
खाली, फिकट पेन्सिलीनं: समुद्राचं काय करायचं असतं?

तिसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला
आणि सक्करदऱ्याच्या एका लाकडाच्या वखारीत
खाती लिहायला बसले.
पगार निम्मा. आईनं दोन महिने
त्यांच्याशी फक्त भाजी कोणती एवढंच बोलणं ठेवलं.
काकांनी भोपाळ घेतलं.
त्यांच्या पत्रांतलं तळं
दरवर्षी थोडं अधिक निळं होत गेलं.
इकडून सांडग्यांचा डबा जायचा,
पोचल्याचं कार्ड यायचं,
चवीबद्दल एक अक्षर नाही.

मी अठरावी ओळ लिहायला घेतली.
"आपली माणसं" लिहिलं आणि खोडलं.
सौमित्रचा मावसभाऊ डॅलसलाच आहे,
आणि त्याच्यापायीच टेक्सासचे दोन गुण
आधीच कापलेत असा मला दाट संशय.
"रात्री दोनला ताप आला तर" लिहिलं.
तेही खोडलं.
इथे रात्री दोनला शेजारचे कडू
कधी दार उघडत नाहीत,
आणि ह्यांना ताप नेमका दोनलाच येतो.
मग "ऊन" लिहिलं.
दोन्हीकडे किती गुण द्यायचे ते कळेना.
ज्याला ऊन कधी कमी पडलं नाही
त्यानं उन्हाची किंमत लावू नये,
ऑडिटचा साधा नियम आहे.

रविवारी फोन आला. ठरलं. मिनेसोटा.
"काहून वं? बरोबरीत होतं ना?"
ती जराशी लाजली.
मग म्हणाली, जे घर पाहिलं
त्याच्या मागे दोन लोखंडी खांब आहेत,
आधीच्या म्हातारीनं कपडे वाळवायला रोवलेले.
टेक्सासच्या कॉलनीत बाहेर दोरी बांधायला मनाई.
"तुझ्या तक्त्यात दोरी नव्हती."
"नव्हती."
"अन् तिथे सहा महिने बर्फ."
"हो गं. चादर गोठते म्हणे दोरीवर. उभी राहते."

फोन ठेवून मी गच्चीवर गेले.
चटके बसत होते, चपला खालीच राहिलेल्या.
सकाळी घातलेली चादर
केव्हाच वाळून पापडासारखी कडक झालेली.
दोन्ही हातांनी धरून उतरवली
तर क्षणभर
तशीच उभी राहिली.

खाली येऊन तक्ता उघडला.
ओळ अठरा: दोरी.
दोन्ही रकाने कोरे ठेवले,
सही केली, तारीख घातली.
हे विचारून राहिले, "मग कुलर न्यायचा का नाही?"