किल्ली

फाटकावर पाटी: किल्ली देओलिंदाकडे, निळ्या पट्ट्याचं घर.
पोर्तुगालच्या या कडेला, जिथून स्पेन दिसतो,
दुपारी दोनला एक कुत्रं तेवढं जागं.

देओलिंदा हात पुसत आली. हाताला लसणाचा वास.
किल्ली वीतभर, वरवंट्यासारखी जड.
डोक्याला दोन बोटांची शिंगं लावून तिनं सांगितलं:
दार ओढून घे, शेळ्या शिरतात.
मग एप्रनच्या खिशातून स्वतःचा फोन काढून
तोही माझ्या हातावर ठेवला.
बुरुजाकडे बोट. गुडघ्यावर एक थाप.
"लक्झेंबर्ग," म्हणाली. एवढंच.
मला कळलं नाही. घेतला.

आत तसं काही नाही.
कोरडं टाकं, भिंत फोडून आलेलं अंजीर,
तोफेच्या जागी प्लास्टिकची खुर्ची.
सवयीनं मी चोरदरवाजा शोधला,
सापडला नाही.
चौऱ्याण्णव पायऱ्या, मधल्या काही मोजायच्या राहिल्या.

वर नुसता वारा.
शत्रूची धूळ दिसावी म्हणून ठेवलेल्या झरोक्यात
फोन थरथरला,
पुन्हा,
पुन्हा,
अकरा वेळा,
जणू वेशीबाहेर खोळंबलेली माणसं
एकेक करून आत येत होती.

मी स्क्रीन पाहिली नाही.
म्हणजे, एकदाच पाहिली:
जावळ नसलेलं बाळ, कान थेट तिचे.

उतरताना एक हात भिंतीला, एक खिशावर.
दारात शेळी उभी होतीच. हाकलली. दार ओढलं.

देओलिंदा उंबऱ्यावर, चष्मा लावून तयार.
किल्ली मी पुढे केली, ती तशीच
माझ्या हातात राहिली बराच वेळ.