तेहेतीस

या गावाचं नावच तेहेतीस.
पुढे कोटी नाहीत, देव तर एकही नाही.
तेहेतीस माणसं होड्यांतून नदी ओलांडून आली होती,
तेवढी मोजदाद उरुग्वेच्या नकाशावर राहिली.

इथल्या नोंदणी कचेरीत
ओफेलिया इचेगाराय सव्वीस वर्षं लग्नं लावते.
नऊला कुलूप काढते,
गळ्यातला क्रूस आत सारून
वरचं बटण लावते,
मग खिडकी उघडते.

सरकारी दिनदर्शिकेत नाताळ नाही, कुटुंब दिन आहे.
पवित्र सप्ताहाला म्हणायचं पर्यटन सप्ताह.
नवा होतो तेव्हा मी हसलो होतो,
"शुक्रवारी तुमचा देव मरतो
आणि आख्खा देश गळ टाकून बसतो!"
ती म्हणाली, "मासे लागले तर दोन आणून दे.
त्या दिवशी मला मांस चालत नाही."

मार्चमधल्या एका मंगळवारी
बाल्तासार आला, नवरदेव म्हणून.
तिच्या सख्ख्या बहिणीला सोडलेला.
सोबत भातगिरणीत वजनकाट्यावर बसणारी मुलगी,
पोट दिसायला लागलेलं.

मला वाटलं, आता खोट निघणार.
एखादा शिक्का पुसट, एखादी तारीख मागची-पुढची.
तिने दाखले पाहिले, घटस्फोटाचा हुकूम पाहिला,
एका साक्षीदाराचं आडनाव चुकलेलं
ते स्वतःच नीट करून घेतलं,
आणि कलमं वाचली
सगळ्यांना वाचते तशीच,
ना ओढून, ना उरकून.
मध्येच थांबून मुलीला खुर्ची दिली.
कलमात खुर्ची नाही.

ते गेल्यावर राहवेना.
"तुमच्या मते लागलं का हे लग्न?"
पेनाला टोपण घालत म्हणाली,
"माझं मत पाचनंतर."

पाचनंतर तिची सायकल
चर्चच्या भिंतीला टेकलेली दिसली.
आत तिसऱ्या बाकापाशी ती गुडघ्यांवर,
खांदे हलत होते.
कुणासाठी, बहिणीसाठी, त्या पोटातल्यासाठी,
की स्वतःच्या सहीसाठी,
दारातून कळेना.
मागे फिरलो.
ती खिडकी माझ्यासाठी नव्हती.

पर्यटन सप्ताहात ओलीमारला पाणी कमी होतं.
दिवसभर बसून दोनच लागले.
वर्तमानपत्रात गुंडाळले,
तिच्या दाराच्या कडीला अडकवले,
आणि बेल न वाजवता आलो.