टाळी

फंडाचे पैसे आले त्या महिन्यात मी स्टिरिओ घेतला.
शरयू म्हणाली, आणि माझ्या गुडघ्याचं काय?
म्हटलं, गुडघाही ऐकेल.

काळाचौकीत, सतराव्या मजल्यावर,
जिथं आमची दहा बाय बाराची खोली होती
त्याच जागी, फक्त दीडशे फूट वर,
पांढऱ्याफेक लाद्या, काचेचा सरकता दरवाजा,
आणि दोन काळे खांब
माझ्याकडे रोखून बघणारे.

पहिल्या दिवशी सतारीची खुंटी कुरकुरलेली ऐकू आली.
वाजवणाऱ्यानं श्वास घेतला, तोही.
मी शेजारच्या कांबळींना बोलावून तो श्वास ऐकवला.
ते म्हणाले, दमेकरी दिसतो.

पण वीसेक मिनिटं झाली की
कानांना काहीतरी व्हायचं.
दुखणं नव्हे.
कैरी खाल्ल्यावर दात आंबतात ना,
तसे कान आंबायचे.
बंद केलं की बरं वाटायचं.
आता ज्याला पावणेदोन लाख मोजले
ते बंद केल्यावर बरं वाटतं
हे सांगायचं कुणाला?

सतार सुरू झाली की शरयू
स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घ्यायची.
मी समजलो, गुडघ्याचा राग.

वायर बदलली. करंगळीएवढी जाड आणली.
मग कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.
त्यांनी पेटीत बसवून टूं टूं ऐकवलं, म्हणाल्या,
वयाच्या मानानं कान उत्तम आहेत.
'वयाच्या मानानं' अगदी स्पष्ट ऐकू आलं.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरून हमदुलेचाचा आले.
पिशवीत पेचकस आणि दोन केळी.
यंत्राकडे त्यांनी बघितलंच नाही.
हॉलच्या मधोमध उभे राहिले
आणि एक टाळी वाजवली.

टाळी भिंतीवर गेली, काचेवर गेली, छताला लागली,
आणि पातळ होऊन, पत्र्याची होऊन
झणझणत परत आली.

"तुमची सतार एकदा वाजत नाही, साहेब.
सात-आठ वेळा वाजते.
कान बिचारा प्रत्येकीला 'या, बसा' म्हणतो.
दमणारच."
मग लादीवर पाय घासून म्हणाले,
"इथं अंगावर घेणारं कुणी नाही."

खालच्या खोलीत आम्ही नऊ जण होतो.
कोपऱ्यात गाद्यांची चळत,
दोरीवर कधीच पुरते न वाळलेले परकर,
तांदळाची गोणी, गोणीवर झोपलेला धाकटा.
फळीवर फाटक्या जाळीचा एकच रेडिओ
रात्री उशिरापर्यंत चालायचा.
कुणाचे कान दमल्याचं मला आठवत नाही.
आवाज आल्या आल्या वाटला जायचा,
फार असा कुणाच्याच पानात पडायचा नाही.

चाचांनी खांब भिंतीपासून हातभर पुढे ओढले,
तोंडं जरा फिरवली,
आता ते माझ्या डोळ्यांत नाही,
खांद्यावरून मागे बघतात.
आवाज इतका उतरवला की मी म्हटलं, अहो!
"पंखा ऐकू आला पाहिजे," ते म्हणाले.
"पंखा बुडाला की समजायचं, जास्त झालं."
तीनशे रुपये घेतले. चहा दोनदा.

गोधडी मात्र शरयूनं काढली.
माळ्यावरच्या बॅगेतली, डांबरगोळ्यांच्या वासाची,
नऊ जणांच्या जुनेरांची, आईच्या वाकड्या टाक्यांची.
नव्या रंगाच्या भिंतीत चार खिळे ठोकून
समोरच टांगली.
कांबळी बघून गेले. काही बोलले नाहीत,
म्हणजे सोसायटीभर बोलले असणार.

काल दोन तास ऐकत बसलो.
झाला द्रुतात गेला, तारा तापल्या,
मी दात आंबायची वाट बघत राहिलो.
गोधडीच्या डाव्या कोपऱ्यात बाबांच्या खाकी शर्टाचा
खिसा आहे, बटणासकट, आईनं तसाच ठेवलेला.
वरचे सूर त्यात जाऊन बसत असावेत.
बाबांचं असंच होतं,
खिशात गेलेलं काही परत यायचं नाही.

पंखा ऐकू येत होता.
आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं,
तांदूळ निवडल्याचा आवाजही येतोय,
सुपातला, स्वयंपाकघरातून.

दार उघडं होतं.