ज्या भाषेत प नाही

रुवीतल्या ह्या ऑफिसात अकरा वर्षं
मी बेडनेकर आहे.
अरबीत प नाही.
आम्ही विकतो पंप, शेख हमूद म्हणतात बंब,
आणि मला आमच्या न्हाणीतला तांब्याचा दिसतो, धुरकटलेला.
मेलमध्येही ते तसंच लिहितात, जिभेवर येईल तसं:
या बेडनेकर, शूफ, बंबांच्या कंटेनरचं काय झालं?
पहिल्या वर्षी दोनदा दुरुस्त केलं मी.
मग सोडून दिलं. पगार बरोबर नावावर येत होता.

गुरुवार, दुपारचा पाऊण.
बाहेर सेहेचाळीस डिग्री, आत एसीखाली
स्वेटर घातलेली बिन्सी व्हाउचरं टोचत होती.
उद्यापासून दोन दिवस बँका बंद.
शेख सलालाला, खरीफ बघायला.
आपण खरीप पेरतो;
ही माणसं हजार किलोमीटर गाडी हाकून
नुसता बघायला जातात.

तेवढ्यात मेल आला.
डिअर मिस्टर पेडणेकर,
मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका.
जेबेल अलीच्या पंपवाल्यांचं खातं बदललंय, नवा नंबर खाली.
अठरा हजार सहाशे चाळीस रियाल, आजच.
आणि हे आपल्या दोघांतच राहू दे.

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
अकरा वर्षांनी कुणीतरी माझा प लिहिला होता.
‘दोघांतच’ वाचून तर पाठ ताठ झाली खुर्चीत.
बँकेचं पान उघडलं. रक्कम टाकली. शून्यं मोजली.
मोबाइलवर सहा आकडे आले.

आणि मोफिज चहा घेऊन आला.

मोफिजचं सांगायचं राहिलं.
गेल्या रमजानात त्याला फोन आलेला: पोलीस बोलतोय,
तुझं कार्ड बंद होणार, मोबाइलवर आलेला नंबर सांग.
त्याने सांगितला.
बोगुऱ्याला बहिणीच्या घरावर चढायचे पत्रे,
सात महिन्यांचे,
चार मिनिटांत उडाले.
पॅन्ट्रीत फ्रिजला पाठ लावून बसला होता,
आणि मी, हिशोबाचा माणूस, दारातून म्हणालो,
असा कसा रे तू बावळट?
तो बोलला नाही काही. कप धुतले.

तेव्हापासून रोज विचारतो,
साब, चीनी कितना?
सहा वर्षं बिनसाखरेचा देतोय मला, पाठ आहे त्याला.
तरी विचारतो.

आजही विचारलं.
तिसऱ्या आकड्यावरचं माझं बोट
तिथेच राहिलं.

मग तो प बघितला मी.
ज्यांना माझं नाव येत नाही
त्यांनी ते इतकं शुद्ध कसं लिहिलं?
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला.
पत्त्यात आमच्याच कंपनीचं नाव, मरजान,
पण त्यातला एम एम नव्हता:
आर आणि एन, दोन किडकिडीत भामटे
एकाच सदऱ्यात शिरून उभे.

मेलला उत्तर दिलं नाही. त्यातला नंबर फिरवला नाही.
खणातून रबरबँड लावलेली जुनी कार्डं काढली,
जेबेल अलीला फोन केला.
मारिसेल म्हणाली, नो सर, खातं तेच, पहिल्यापासूनचं.
आणि करू नका म्हटलं होतं, म्हणून शेखना केला.
पलीकडे वारा, पोरांचा कालवा.
कसली मीटिंग? मी शहाळं पितोय.

हात तेव्हा कापायला लागले. आधी नाही.

बिन्सीला मोठ्याने सांगितलं, गोदामापर्यंत ऐकू जाईल असं,
दोघांत ठेवायचं नव्हतंच काही.
मोफिजला म्हटलं, बस.
तो बसला नाही.
म्हटलं, मीपण तीन आकडे टाकले होते रे.
त्याने कपात बघितलं.
ठंडा हो गया साब, दूसरा लाता हूँ.

आता हजारावर रक्कम असली की
दोन सह्या, एक फोन, तोही जुन्या नंबरवर.
नवा ऑडिटर हसतो, म्हणतो म्हाताऱ्यांचं ऑफिस.
हसू दे.

केबिनमधून हाक येते, बेडनेकर!
मी उठतो.